मद्रासचा शब्द

"हा शब्द मद्रासचा नाही गं," गुंजीकरबाई म्हणाल्या.

मधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या टेबलाशी उभी होते. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मी लिहिलेला लेख त्यांच्या हातात होता. दोन फुलस्केप पानं, वर लाल शाईनं मथळा – 'फुलपाखराला काय म्हणतात?' आणि बाईंचं बोट शेवटून दुसऱ्या नावावर.

"मद्रासचाच आहे, बाई. माझ्या बाबांनी तिथं ऐकलाय."

"पातरगित्ती?" त्यांनी तो शब्द असा काही म्हटला, की क्षणभर मला तो ओळखूच आला नाही. मी तो वाचत होते, त्या तो बोलत होत्या. "अगं, आमच्या धारवाडचा शब्द हा. ह्याच्यामागं धावून गुडघे फोडून घेतलेत मी लहानपणी. मद्रासला माझी मावशी असते. तिकडं वण्णत्तुप्पूच्ची म्हणतात. वण्णम म्हणजे रंग, पूच्ची म्हणजे किडा."

"पण कानडीत चिट्टे म्हणतात ना? बाबांनी बंगळूरहून आणलाय तो. इथं लिहिलाय बघा, चौथा."

"चिट्टेही बरोबर. पण आमच्या बाजूला पातरगित्ती. पातर म्हणजे नाचणारी, कलावंतीण. जुन्या मराठीतही आहे की हा शब्द. आणि गित्ती लागलं की ती बाई झाली. मदुवणगित्ती म्हणजे नवरी, तसं. निदान आमचे अज्जा तरी असंच सांगायचे." बाई हसल्या. "तुझ्या बाबांची गल्लत झाली असेल. इतकी गावं फिरतात, कुठला शब्द कुठं ऐकला ते कसं लक्षात राहणार? मद्रास खोडून धारवाड कर. बाकी लेख उत्तम आहे."

मी खोडलं नाही. बाबांची गल्लत होणं शक्यच नव्हतं.

माझे बाबा, सदाशिव येळ्ळूरकर, छापखान्यातली यंत्रं दुरुस्त करायचे. त्यांच्या हातात अशी काही कला होती म्हणे, की बंद पडलेलं यंत्र ते नुसतं हात फिरवून कुठं दुखतंय ते सांगायचे. त्यामुळं त्यांना देशभरातून बोलावणी यायची. महिन्यातले आठ-दहा दिवस ते कऱ्हाडला आमच्याजवळ असायचे, बाकीचे दिवस फिरतीवर. आई आणि मी शनिवार पेठेत दोन खोल्यांत राहायचो. आई एका छापखान्याची बांधणीची कामं घरी आणायची. दिवसभर छापील कागदांच्या घड्या घालायची, रात्री पुस्तकं शिवायची.

मी पाच वर्षांची असताना बाबा हैदराबादला गेले होते. परत आले ते दारातच उभे राहून म्हणाले, "हेमू, तिकडं फुलपाखराला काय म्हणतात सांगू? सीताकोकचिलुका. सीतेच्या लुगड्याचा पोपट!" मी इतकी हसले, की त्यानंतर तो आमचा नेमच झाला. नव्या मुलखात गेले की बाबा तिथलं नाव घेऊन यायचे, आणि वहाणा काढायच्या आधी ते मला सांगायचे. कलकत्त्याहून त्यांनी प्रजापती आणलं. अंगावर बसलं की लग्न ठरतं म्हणतात, असं ते म्हणाले आणि आई का कोण जाणे आत निघून गेली. अहमदाबादेहून पतंगियुं आलं, गोव्याहून पिसोळें. त्रिचूरहून आलेलं पूम्पाट्टा मला सगळ्यांत आवडायचं. पू म्हणजे फूल, आणि पाट्टा हा शब्द तिकडं दिव्यावरच्या पतंगालाही चालतो आणि झुरळालाही. "बघ हेमू," बाबा म्हणाले होते, "आपण त्याला फुलाचं पाखरू केलं, त्यांनी फुलाचं झुरळ केलं. किडा तोच. ज्याला जसं दिसलं, तसं त्यानं हाक मारली."

वडील घरी नसणाऱ्या मुलीला वडिलांचं काय मिळतं? मला हे मिळालं होतं. वर्गातल्या मुलींचे वडील रोज संध्याकाळी घरी यायचे, पण त्यांच्यापैकी एकानंही मुलीसाठी हजार मैलांवरून शब्द आणला नव्हता. दहावीच्या वर्षी तो लेख मी लिहिला, तो खरं म्हणजे फुलपाखरावर नव्हताच.

त्या महिन्यात बाबा आले तेव्हा मी त्यांना विचारलं. ते ओट्यावर बसून नखांतली शाई काडीनं काढत होते.

"बाबा, पातरगित्ती धारवाडचा शब्द आहे?"

काडी थांबली. "कोण म्हणालं?"

"गुंजीकरबाई. त्या धारवाडच्या आहेत."

"असं होय?" त्यांनी पुन्हा नख कोरायला घेतलं. "मग बरोबर असेल त्यांचं. मद्रासच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा एक म्हातारा होता, त्यानं सांगितला मला. मूळचा धारवाडचा असेल. मी कशाला विचारतोय त्याला गाव?"

मला इतकं हायसं वाटलं, की मी दुसऱ्या दिवशी धावत जाऊन बाईंना ते सांगितलं. बाईही हसल्या. म्हणाल्या, "शब्दांना पाय असतात बघ." लेख भित्तिपत्रकावर लागला. त्यात मी त्या म्हाताऱ्याचाही उल्लेख केला.

आईचं मात्र काहीतरी बिनसलं. मी तिला हौसेनं सगळी हकिकत सांगत होते, आणि ती घड्या घालत होती. 'धारवाड' म्हटल्यावर तिनं मान वर केली. "कोण तुझ्या त्या बाई? किती दिवस झाले त्यांना शाळेत? तिकडची माणसं फार चौकस असतात. घरचं काही सांगत बसू नकोस त्यांना."

"घरचं काय आहे सांगण्यासारखं?" मी म्हणाले. आईनं मान खाली घालून पुढची घडी घातली.

दिवाळीच्या सुट्टीत बाबा कधीच घरी नसायचे. सणाला छापखाने बंद असतात आणि यंत्रं तेव्हाच उघडून दुरुस्त करता येतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्या वर्षी ते पुन्हा कलकत्त्याला गेले होते. भाऊबीज झाल्यावर गुंजीकरबाई चार दिवस माहेरी निघाल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "येतेस का माझ्याबरोबर? आमची अज्जी नव्वदीची आहे. मुंगीपासून मुंगसापर्यंत सगळ्यांची जुनी नावं तिच्या तोंडात आहेत. तुझा पुढचा लेख होईल."

मला लेखाचं काही नव्हतं. माझ्या मनात वेगळंच होतं. इतकी वर्षं बाबा मला शब्द आणून देत होते. या वेळी मी त्यांना देणार होते. ते कलकत्त्याहून येतील, दारात उभे राहतील, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत मी त्यांना असं एखादं नाव सांगेन जे त्यांना माहीतच नसेल.

आई धारवाडला पाठवणार नाही हे मला कळत होतं. म्हणून मी तिला सांगितलं, बाईंच्या सासरी, मिरजेला जातेय. आयुष्यात आईशी मी बोललेलं ते पहिलं मोठं खोटं. रात्रभर झोप लागली नाही. आज त्याचं हसू येतं. आमच्या त्या दोन खोल्यांत सगळ्यांत लहान खोटं माझंच होतं.

मिरजेला गाडी बदलून आम्ही दिवेलागणीला धारवाडला पोचलो. बाईंचं माहेर मोठं गोतावळ्याचं होतं. अज्जी खरंच नव्वदीची होती आणि तिला ऐकू कमी यायचं, पण बोलायची फार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या शेजारी वही घेऊन बसले होते. बाईंचे थोरले भाऊ, वसंतराव, समोर चहा पीत होते. त्यांचा लग्नपत्रिका छापायचा छोटा छापखाना होता. ते बाईंना सांगत होते, "ऐन लग्नसराईच्या तोंडावर यंत्र रुसलं होतं गं. पण आपले येळ्ळूरकर धावून आले. दोन तासांत चालू."

माझी पेन्सिल थांबली. बाईंनी माझ्याकडं पाहिलं.

"कोण येळ्ळूरकर?" बाईंनी विचारलं.

"सदाशिवराव. मालमड्डीत राहतात ते. तू ओळखत नाहीस, तू गेल्यावर आमची ओळख झाली. माणूस म्हणजे सोनं आहे. मुंबई-पुण्याकडं बरंच काम असतं त्यांना, महिन्यातले आठ-दहा दिवस तिकडंच असतात. पण दिवाळीला मात्र घर सोडत नाहीत."

अज्जी मात्र मला सांगत राहिली, काजव्याला मिंचुहुळ म्हण, मिंचु म्हणजे वीज, लिहिलंस का? मी लिहिलं. अजूनही ती वही माझ्याकडं असती तर ते अक्षर किती सरळ आलं होतं ते दाखवता आलं असतं.

दुपारी बाई म्हणाल्या, "हेमा, एका नावाची दोन माणसं असतात."

"हो बाई."

"मी येऊ का तुझ्याबरोबर?"

"कुठं?" मी म्हणाले. मग म्हणाले, "नको. मी नुसती बघून येते."

मला त्या घडीला काय वाटत होतं ते मला नीट आठवतं. मला दुःख झालेलं नव्हतं. मला संताप आला होता, आणि तो बाबांचा नव्हता, एका बाईचा होता. अशा गोष्टी मी ऐकल्या होत्या. फिरतीवरच्या माणसाला एखादी बाई नादी लावते, मग तो तिच्याकडं राहू लागतो. माझ्या भोळ्या आईला कऱ्हाडात कागदांच्या घड्या घालायला लावून कुणी एक पातर इथं माझ्या बाबांना धरून बसली होती. मी तिला बघणार होते. जमलं तर दारात उभी राहून चार शब्द सुनावणार होते. ते शब्दही मी वाटेत जुळवले.

मालमड्डीत विचारत गेले तर घर लगेच सापडलं. साधं कौलारू घर, पुढं अंगण, फाटकाजवळ तगरीचं झाड. अंगणात चारेक वर्षांची एक मुलगी होती, परकर वर खोचून ती झाडाशी काहीतरी धरायला बघत होती. ते उडालं तशी ती ओरडली,

"अज्जा! पातरगित्ती!"

आणि घरातून आवाज आला, "कुठं गं? थांब, आलो आलो."

तो आवाज मी कुठंही ओळखला असता.

मला कळलं ते असं. मद्रास नव्हतंच. खिळे जुळवणारा म्हातारा नव्हता. ही होती. त्या महिन्यात बाबा कुठं गेलेच नव्हते, द्यायला शब्द नव्हता, म्हणून या पोरीच्या तोंडातला घेऊन त्यांनी मला दिला होता.

पण तिनं अज्जा म्हटलं होतं. अप्पा नाही, अज्जा. आजोबा. हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत दारात एक तरुण बाई आली. पंचविशीची असेल, सणासाठी माहेरी आलेली असावी, हातात पोरीचा स्वेटर होता. "रेवती, आत ये बघू," ती म्हणाली. तिचं नाक माझं होतं. आरशात रोज बघते ते, मधे जरा उंच झालेलं. मी सोळा वर्षांची होते आणि ती पंचवीस-सव्वीस. गणितात मी कच्ची नव्हते. ज्या बाईला मला सुनवायचं होतं, ती या घरात नव्हती. ती कऱ्हाडात, शनिवार पेठेत होती.

बाबा बाहेर आले. धोतर, बनियन, खांद्यावर पंचा. आमच्याकडं ते नेहमी पायजमा घालायचे. त्यांच्या मागोमाग दोन पाहुणे ओसरीवर आले, टोपीवाले, सुपारी कातरत. बाबांनी पोरीला उचलून कडेवर घेतलं, हसत झाडाकडं वळले आणि त्यांनी मला पाहिलं.

त्यांचा चेहरा पडला नाही. हेच मला पुढं कित्येक वर्षं खुपत राहिलं. तो नुसता बंद झाला.

"कोण पाहिजे?" ते म्हणाले.

फाटकाच्या गजावर माझा हात होता. मी म्हणाले, "हे... गुंजीकरांचं घर का?"

"नाही. ते तिकडं, रुळांच्या पलीकडं." आणि मग पाहुण्यांकडं वळून, "चुकलेली दिसतेय पोरगी."

"वाट दाखवायला कुणाला पाठवू का?" एक पाहुणा म्हणाला.

"जाईल ती. मोठी आहे," बाबा म्हणाले.

मी चालू लागले. कोपऱ्यावर नळ होता. मी नळाच्या कट्ट्यावर बसले. मागून कुणीतरी भराभर येत होतं. पन्नाशीच्या पुढची एक बाई, काठापदराचं लुगडं, ओले हात पदराला पुसत. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. धाप लागली होती तिला.

"हेमा ना तू?"

मी मान हलवली.

"स्वैपाकघराच्या खिडकीतून बघितलं मी तुला. बघताक्षणी कळलं." तिनं माझ्या नाकाकडं पाहिलं. "द्वारका बरी आहे?"

माझ्या आईला कुणी नुसतं 'द्वारका' म्हणताना मी ऐकलं नव्हतं. शेजारीपाजारी तिला येळ्ळूरकरवहिनी म्हणायचे. ही तिला अशी विचारत होती, जशी माहेरच्या वाड्यातल्या बहिणीची चौकशी करावी.

"तुम्ही ओळखता आईला?"

"एकदा आली होती इथं. तू पोटात होतीस." ती कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला टेकली. "मी भांडले नाही असं नाही. खूप भांडले. मग बसून बोललो आम्ही दोघी. काय करणार? तिनं शब्द दिला, ती कधी या गावात येणार नाही, नि मी कधी तिकडं येणार नाही. तेवढं पाळलं आम्ही." मग ती म्हणाली, "तू मोठी झालीस तेव्हा मी ह्यांना म्हटलं होतं, पोरीला सांगून टाका आता. बाहेरून कळलं तर वाईट. ते तयार होते. द्वारकाच नको म्हणाली."

"आई नको म्हणाली?"

"हो की. म्हणाली, तिला आहे तसं राहू दे."

नळ गळत होता. तिनं तो घट्ट पिळला. पुन्हा गळू लागला.

"आज ओसरीवर आमच्या लेकीच्या, सुमनच्या सासरची माणसं बसलीत," ती म्हणाली. "नाहीतर मी तुला अशी पाठवली नसती. जेवलीस का तू?"

"हो."

"खोटं बोलतेस. पण जा आता." ती उठली, दोन पावलं गेली, परत वळली. "मनाला लावून घेऊ नको म्हणणार नाही. मी लावून घेतलं होतं."

परतीच्या गाडीत लोंढा गेल्यावर बाई म्हणाल्या, "मी तो शब्द तुला सांगायलाच नको होता."

"का बाई? मद्रासचा नव्हताच तो," मी म्हणाले.

घरी पोचले तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही बाजूंना कागदांचे ढीग. तिनं वर न बघता विचारलं, "कशी होती मिरज?"

"मी धारवाडला गेले होते."

तिनं हातातली घडी पुरी केली. पट्टी फिरवून कड दाबली. ढिगावर ठेवली.

"भेटले?"

"'कोण पाहिजे' म्हणाले."

वाटेवरचे सगळे तास मी एकाच गोष्टीची वाट बघत आले होते. आता आई उठेल. ती रडेल, किंवा ओरडेल, किंवा खुंटीवरचा त्यांचा सदरा ओढून काढेल. काहीही करेल, पण ती माझ्या बाजूला येऊन बसेल.

आई म्हणाली, "आणि तू काय म्हणालीस? नाव नाही ना सांगितलंस?"

"नाही."

तिनं श्वास सोडला.

"आई, तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"होतं. माझं लग्न देवळात झालं, पण झालं. तिथं घर आहे हे मला आधी सांगूनच केलं त्यांनी. त्यांनी मला फसवलं नाही."

"मग मला?"

"तुला कुणी फसवलं? तुला फक्त सांगितलं नाही."

"मद्रास, कलकत्ता, त्रिचूर..."

"सुरुवातीला जायचे ते खरंच. पुढं झेपेना. ते बंद करू म्हणत होते ते शब्दांचं. मीच म्हटलं, चालू ठेवा, पोरीचा जीव आहे त्यात." तिनं नवा कागद घेतला. "वाचनालयातलं पुस्तक आणून मीच काढून द्यायचे त्यांना. मद्रासच्या खेपेला तेवढं राहिलं. शिलाईची घाई होती."

सोळा वर्षं मी ज्या माणसाची वाट बघितली तो दारात यायच्या आधी, माझ्याच घरात, माझ्या पाठीमागं, माझ्या आईनं चिठ्ठीवर लिहून दिलेला असायचा.

"हे बघ हेमू," आई म्हणाली, तिचा आवाज आता मऊ झाला होता, "ते आले की काही काढायचं नाही. त्यांना ओशाळं वाटेल. आधीच मेले दोन्हीकडून ओढले जातात."

बाबा अठरा दिवसांनी आले. मला वाटलं होतं ते येणारच नाहीत. ते संध्याकाळी आले, पायजमा-सदरा, हातात हत्यारांची पेटी. दारात थांबले नाहीत. सरळ आत येऊन वहाणा काढल्या, हातपाय धुतले. माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. आईनं डोळ्यांनी त्यांना काहीतरी सांगितलं, आणि ते पाटावर बसले. आईनं त्यांच्या आवडीचं भरलं वांगं केलं होतं.

जेवताना भाकरी मोडल्याचा आवाज येत होता तेवढाच. मी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही, आईसाठी नाही, तर माझा आवाज त्यांना द्यायचा नाही म्हणून. पण त्या अठरा दिवसांत एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नव्हती.

"ती लहान मुलगी," मी म्हणाले, "तुमच्यासारखी दिसते."

बाबांचा घास हातातच राहिला. त्यांनी पुन्हा आईकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "दिसते ना? सगळे तसंच म्हणतात."

"किती वर्षांची आहे?"

"माघात चार पुरी होतील." ते माझ्याकडं निरखून बघत होते, मी कुठल्या स्वरात विचारतेय ते तपासत. माझा चेहरा साधा होता. तो कसा ठेवायचा ते मी त्यांच्याकडूनच शिकले होते. "फार वाह्यात आहे. दिवसभर तोंड मिटत नाही."

मग ते बोलू लागले. आधी चाचरत, मग मोकळे होत. ती यंत्राजवळ कशी येते, शाईत बोटं बुडवून भिंतीवर ठसे कसे उमटवते, मांजराला ताटातलं दूध कसं पाजते. मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. माझ्याशी बोलताना ते नेहमी काहीतरी आणलेलं द्यायचे. आता ते काही देत नव्हते, नुसते बोलत होते. त्यांचे खांदे सैल झाले, त्यांनी दुसरी भाकरी मागितली. मी विचारलं म्हणजे मी माफ केलं, असं त्यांना वाटलं होतं.

"...आणि आता शाळेत जायचं म्हणून पाटी घेऊन बसली. हट्ट बघा."

आई भाकरी थापत होती. तव्यावरून नजर न काढता ती म्हणाली, "कान फुटला होता तो बरा झाला का तिचा?"

"झाला की. गेल्या महिन्यात तूच सांगितलंस ना ओव्याची धुरी द्यायला? दोन दिवसांत आराम पडला."

"आणि सुमनचं काय? दिवस गेलेत म्हणत होतात."

"फाल्गुनात आहे. या खेपेला मुलगा व्हावा असं त्यांच्याकडं म्हणतात..."

"मुलगी झाली तरी काय बिघडलं? जोडीला होईल."

बाबा हसले. आईही हसली, आणि तिनं फुगलेली भाकरी त्यांच्या पानात टाकली. मी ताट उचलून मोरीकडं गेले. मी उठले ते दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.